पळालेलं पोर, पळवलेलं पोर

भुसावळ जंक्शनच्या फलाटावर, नळाच्या कट्ट्यापाशी एकटं उभं असलेलं तेरा-चौदा वर्षांचं पोर दिसलं, तर ते पळालेलं आहे की पळवलेलं, हे नजरेनं ठरत नाही. मराठीत या दोन शब्दांत जेमतेम एका अक्षराचं अंतर आहे. कायद्यात मात्र दोन वेगळे अधिनियम आहेत. घर सोडून आलेल्या, निराधार मुलासाठी २०१५ चा बाल न्याय अधिनियम. आणि माणसाचा सौदा करणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १४३, जे १ जुलै २०२४ च्या आधी दंड संहितेचं ३७० म्हणून ओळखलं जायचं. एक कायदा मुलाकडे पाहतो, दुसरा गुन्हेगाराकडे. खानदेशात या दोहोंची गाठ सारखी पडते. ती सोडवताना कुठल्या कायद्याचा शब्द कुठे लावायचा यात गल्लत झाली, तर एक तर मूल हातचं जातं, नाही तर निरपराध माणूस आत जातो. म्हणून हे दोन्ही पाठ ओळीओळीनं वाचायला हवेत. सरकारी मराठी पाठ बोजड आहे. अर्थाला धक्का न लावता इथे तो सोप्या शब्दांत घेतला आहे.

बाल न्याय अधिनियम, कलम २ (१२) : "बालक म्हणजे जिला अठरा वर्षं पूर्ण झालेली नाहीत अशी व्यक्ती."

दिसायला सगळ्यांत सोपी ओळ, पण सगळ्यांत जास्त भांडण हिच्यावरच होतं. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवर घरीच बाळंतपणं झालेली कितीतरी मुलं आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारतात, जन्म कधीचा? आई सांगते, ज्या साली मोठा पाऊस झाला त्या साली. गुरुजी लिहितात १ जून. वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, तो असा. या धूसर जागेत दलाल घुसतो. मुलीला न्यायच्या आधी आधार कार्डावर जन्मसाल दोन-तीन वर्षांनी मागे सरकवलं, की गाडीत कुणी विचारलं तर दाखवायला कागद तयार.

त्यावरचं उत्तर याच अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये आहे. वय ठरवताना आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. या क्रमात आधार कार्ड कुठेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, की जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला धरावा. म्हणजे गुरुजींनी अंदाजानं लिहिलेला १ जूनदेखील दलालाच्या प्लास्टिकच्या कार्डापेक्षा वरचढ आहे. गाडीत कार्ड तपासणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवलं पाहिजे.

या ओळीला दुसरी कड आहे आणि ती बोचते. अठरा वर्षं आणि एक दिवस झालेली मुलगी रात्री अकरा वाजता धुळे बसस्थानकाच्या बाकावर एकटी बसली असेल, तर हा अधिनियम तिच्यासाठी नाही. तिच्यासाठी महिला मदतवाहिनीचा १८१ क्रमांक आहे, सखी केंद्र आहे. एकोणीस वर्षांच्या मुलासाठी तेवढंही नाही. कलम ४६ अन्वये मिळणारी अनुरक्षणाची मदत, तीही साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, फक्त बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांना आहे. जो कधी बालगृहात गेलाच नाही, थेट रस्त्यावरच मोठा झाला, त्याला ती मिळत नाही. सौदा करणाऱ्याला अठराव्या वर्षाचं सोयरसुतक नसतं. कायद्याला आहे, आणि माझ्या मते हे त्यातलं मोठं भगदाड आहे.

कलम २ (१४), पहिला खंड : "ज्याला घर किंवा राहण्याचं ठरलेलं ठिकाण नाही, आणि उपजीविकेचं दिसून येईल असं साधन नाही."

'आणि' या शब्दावर थांबावं लागतं. मुंबई-आग्रा महामार्गावर सोनगीर, नरडाणा, शिरपूर ओलांडून पळासनेरपर्यंत ढाबे आहेत. एखाद्या ढाब्यावर भांडी घासणारा पोऱ्या मागच्या खाटेवर झोपतो, दोन वेळ जेवतो. त्याला ठिकाणही दिसतं आणि साधनही दिसतं. नुसता हा खंड धरून बसलं तर तो सुटून जातो. म्हणून लगेच पुढचा खंड सोबत वाचायचा : कामगार कायदे मोडून काम करताना, भीक मागताना किंवा रस्त्यावर राहताना आढळलेलं मूल. चौदाच्या आत, घरच्या कामधंद्यातली सूट सोडली तर, कुठलंही काम बेकायदा. चौदा ते अठरामध्ये धोक्याचं काम बेकायदा. खाट आहे म्हणून ते घर होत नाही आणि जेवण मिळतं म्हणून ती मजुरी होत नाही.

त्याच कलमातला पुढचा खंड : "जे हरवलेलं आहे किंवा पळून आलेलं आहे, किंवा योग्य तो शोध घेऊनही ज्याचे पालक सापडत नाहीत."

हरवलेलं आणि पळून आलेलं ही दोन्ही मुलं कायद्यानं एकाच ओळीत बसवली, ही मला या अधिनियमातली सगळ्यांत माणुसकीची गोष्ट वाटते. आपल्या बोलण्यात तसं नसतं. हरवलेल्याची कीव येते, पळालेल्यावर राग निघतो. मुलीबद्दल बोलताना तर 'पळून गेली' याचा एकच अर्थ घेतला जातो. बाप तक्रार द्यायला जातो तेव्हा त्याच्या कानावर पहिलं वाक्य पडतं, "गेली असेल कुणाबरोबर, येईल दोन दिवसांत." १० मे २०१३ रोजी, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने या वाक्याची वाट बंद केली. मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि अपहरण किंवा अपव्यापार, म्हणजे माणसाचा सौदा, झाला आहे असं सुरुवातीलाच गृहीत धरायचं. आजच्या संहितेत त्यासाठी १३७ वं कलम लागतं. जुन्या लोकांच्या तोंडी अजून '३६३' आहे. ते दोन दिवस वाया न घालवणं, हाच या आदेशाचा गाभा आहे.

मुलं का पळतात? दहावीचा निकाल. दारू पिऊन मारणारा बाप. आईनं किंवा बापानं दुसरा घरोबा केलेला. मोबाइलवरून झालेलं भांडण. मुलींच्या बाबतीत सोळाव्या वर्षी ठरवलेलं लग्न. कारण मोठं असेल वा किरकोळ, निघताना कुठे जायचं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. जी गाडी आधी येते तीत बसायचं. आणि खानदेशात गाड्यांना तोटा नाही. भुसावळला नागपूरकडची आणि इटारसी-खंडव्याकडची अशा दोन वाटा येऊन मिळतात. जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारमार्गे सुरतेला फाटा जातो. धुळ्यात आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात. बिहार, उत्तर प्रदेशातून मुंबई-पुण्याला निघालेलं पोरही इथूनच जातं, आणि धडगाव-शिरपूरचं पोर सुरतेला जातं तेही इथूनच.

अशा पोराकडे नीट पाहिलं तर काही खुणा दिसतात. अंगात शाळेच्या गणवेशाचा सदरा असतो, खिशावरचा बिल्ला उसवून काढलेला. हातात कापड दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आत एक चादर. ते गाडीच्या फलकाकडे पाहत नाही, माणसांच्या हातांकडे पाहतं, म्हणजे कुणाच्या हातात खायला काय आहे याकडे. पोलिसाची खाकी दिसली की खांबाआड सरकतं. चहावाल्याला हे पोर सगळ्यांत आधी दिसतं. दुसऱ्या कुणाला दिसतं, तर जो अशाच पोराच्या शोधात फलाटावर आला आहे त्याला. तो जवळ येतो आणि अहिराणीत विचारतो, "जेवना का भाऊ? कोन गावना शे तू?" हे दोन प्रश्न चहावाल्यानंही विचारता येतात, टीसीनंही. आधी कोण विचारतो, त्यावर बरंच काही ठरतं.

आणखी एक खंड : "जे असुरक्षित आहे आणि अमली पदार्थांच्या व्यसनात किंवा अपव्यापारात ओढलं जाण्याची शक्यता आहे."

शक्यता. या भाष्यात मला सगळ्यांत जास्त थांबायचं आहे ते या शब्दापाशी. मुलाला संरक्षण द्यायला गुन्हा घडलेला असावा लागत नाही, पुरावा लागत नाही, संशयिताचं नाव लागत नाही. ओढलं जाण्याची शक्यता एवढीच अट आहे. बाल कल्याण समिती, म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, एवढ्यावर मुलाला आसरा देऊ शकते, घरच्यांना बोलावू शकते, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणीचा अहवाल मागवू शकते. 'शक्यता' ही पातळ चाळणी आहे, आणि ती मुद्दाम पातळ ठेवली आहे. मूल वाचवताना चुकलं तरी चालेल, मूल गमावताना चुकलेलं चालत नाही. ही चाळणी फक्त मुलासाठी आहे, हे मात्र मनात पक्कं धरून पुढच्या पाठाकडे जायचं.

त्याआधी कलम ३१ आणि ३२ : "पोलीस, लोकसेवक, समाजसेवक, परिचारिका, डॉक्टर, कोणीही जाणता नागरिक किंवा ते मूल स्वतः... समितीपुढे, चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून."

'स्वतः' हा शब्द बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. मूल स्वतःच्या पायांनी समितीपुढे येऊ शकतं. कुणी मोठ्यानं बोट धरून आणलंच पाहिजे असं नाही. हे शाळांमधून सांगितलं जात नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला पंचायत समिती शिकवतात, बाल कल्याण समिती नाही.

आणि 'कोणीही'. एकटं, हरवलेलं मूल तुमच्या ताब्यात आलं तर चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन, किंवा जवळचं पोलीस ठाणं, किंवा समिती, किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष, यांपैकी एकाला कळवणं ही मर्जीची बाब नाही. न कळवणं हा कलम ३३ खालचा गुन्हा आहे. ३४ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड आहे. चांगली माणसं इथेच चुकतात. पोराची दया येते, घरी नेतात, जेवू घालतात, आठवडाभर ठेवतात, मग ओळखीच्या दुकानात कामाला लावतात. मायेनं केलेलं असतं सगळं. पण त्या आठवड्यात त्या पोराची आई तिकडे ठाण्याच्या पायऱ्या झिजवत असते, आणि दोन कागद एकमेकांना कधीच भेटत नाहीत.

भारतीय न्याय संहिता, कलम १४३ : "जो कोणी, शोषणाच्या हेतूने..."

इथून दुसरा कायदा सुरू होतो आणि चाळणी बदलते. बाल न्याय अधिनियमात शक्यता पुरते, इथे हेतू सिद्ध व्हावा लागतो. कलम ३७० हे १८६० पासून गुलामांच्या खरेदी-विक्रीचं कलम होतं. भारताने २०११ मध्ये अपव्यापाराविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर मोहोर उमटवली, २०१३ मध्ये कलमाचा पाठ बदलला, आणि अपव्यापाराची आजची व्याख्या आली. शोषण म्हणजे काय तेही स्पष्टीकरणात दिलं आहे : शारीरिक शोषण, लैंगिक शोषण, गुलामी किंवा तिच्यासारख्या प्रथा, वेठ, अवयव काढून घेणं, आणि नव्या संहितेत भर पडलेली भीक मागायला लावण्याची बाब.

अडचण अशी, की गाडी भुसावळला उभी असते तेव्हा शोषण अजून घडलेलंच नसतं. ते पुढे, कुठल्यातरी गोदामात किंवा खोलीत घडायचं असतं. हेतू मनात असतो, मन झडतीत सापडत नाही.

३० मे २०२३ ला दानापूर-पुणे गाडीत हीच अडचण समोर आली. बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ५९ मुलं या गाडीनं येत होती. मुलांची तस्करी होते आहे अशी खबर वरून आली. २९ मुलं भुसावळला उतरवली गेली, ३० मनमाडला. सोबतच्या पाच शिक्षकांवर ३७० लावून त्यांना अटक झाली. मुलं बारा दिवस बालगृहात राहिली, शिक्षक सुमारे चार आठवडे कोठडीत. पुढच्या वर्षी लोहमार्ग पोलिसांनी दोन्ही गुन्हे बंद केले. चौकशीत निघालं ते एवढंच, की मुलं आईबापांच्या संमतीनं पुणे-सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. गैरसमज झाला होता.

या घटनेवर दोन्ही बाजूंनी खूप बोललं गेलं. मी ती या दोन पाठांच्या उजेडात वाचतो. एवढी मुलं मोजक्या मोठ्या माणसांबरोबर हजार मैलांवर निघाली आहेत असं दिसल्यावर गाडीत जाऊन विचारपूस करणं चूक नव्हतं. ते करायलाच हवं होतं. 'शक्यता' या शब्दानं तेवढा अधिकार दिलेला आहे. पण शक्यतेच्या चाळणीनं मुलाला थांबवायचं असतं, माणसाला कोठडीत घालायचं नसतं. त्यासाठी 'हेतू'ची जाड चाळणी आहे, आणि ती लावण्याआधी अररियातल्या घरी फोन, तिथल्या समितीकडून खातरजमा, मुलांशी त्यांच्या बोलीत एकेकट्यानं बोलणं, हे सगळं व्हायला हवं. इथे एका कायद्याचा शब्द दुसऱ्या कायद्याला जोडला गेला. बारा दिवस आईवडिलांपासून तोडलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर काय उमटलं असेल, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. आणि दुसरं नुकसान असं, की अशी एक चूक झाली की पुढच्या खऱ्या वेळी शिपायाचा हात कचरतो.

"...भरती करतो, वाहून नेतो, आसरा देतो, हस्तांतरित करतो किंवा ताब्यात घेतो..."

पाच क्रियापदं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठीच्या धातूंचा शोध घेत आयुष्याची शेवटची वर्षं ज्या धुळ्यात काढली, तिथल्या माणसाला क्रियापदांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. कर्ता पाचही वेळा वेगळा असू शकतो. पाड्यावरून पोरीला 'सुरतला साडीच्या कारखान्यात काम आहे' म्हणून काढणारी नात्यातली मावशी ही भरती करणारी. जीपवाला वाहून नेणारा. एका रात्रीपुरती खोली देऊन रजिस्टरात नाव न लिहिणारा लॉजमालक आसरा देणारा. यांतला प्रत्येक जण म्हणतो, मी फक्त एवढंच केलं. कायदा म्हणतो, तेवढं पुरे आहे. पाचांपैकी एक क्रियापद आणि त्यामागे शोषणाचा हेतू, म्हणजे गुन्हा पूर्ण. म्हणून तपासही शेवटच्या क्रियापदापासून मागे, पहिल्यापर्यंत गेला पाहिजे. छापा पडतो, मुलगी सुटते, 'ताब्यात घेणारा' सापडतो, आणि मावशी पाड्यावर तशीच राहते.

"...धमकी, बळ, फसवणूक, सत्तेचा गैरवापर, किंवा त्या व्यक्तीवर ताबा असलेल्याची संमती मिळवण्यासाठी पैसे वा लाभ देऊन-घेऊन..."

या ओळीच्या शेवटच्या तुकड्याला खानदेशात एक सरळ नाव आहे : उचल. चाळीसगाव, साक्री भागातून ऊसतोडीला जाणारं कुटुंब मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. उचल फिटेपर्यंत बांधिलकी. ही रक्कम बापाच्या हातात पडते आणि तेरा वर्षांचा मुलगा फडात मोळ्या बांधतो. ऊसतोडीचा प्रत्येक मुकादम अपव्यापारी असतो असं मी मुळीच म्हणत नाही. हजारो घरांची चूल त्या उचलीवर पेटते. पण फिटतच नाही अशी उचल आणि तिच्यापोटी ठेवून घेतलेलं पोर, हे १९७६ च्या वेठबिगार अधिनियमातही बसतं आणि या ओळीतही.

दुसरं उदाहरण लग्नाचं. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. त्या पिढीतले थोरले मुलगे आता कुठे लग्नाच्या वयाला येत आहेत, पण मुलगी मिळत नाही ही गावोगावची बोली आधीच आहे. अशा वेळी 'स्थळ आणून देणारा' उगवतो. पैसे मुलीच्या 'ताबा असलेल्याला' जातात. घरातून पळालेली, जिच्या पाठीशी कुणी नाही अशी मुलगी त्याला सगळ्यांत सोयीची, कारण तिचा मामा बनायला कुणाची परवानगी लागत नाही. हार घातले, फोटो काढले, म्हणून ही देवाणघेवाण या ओळीतून बाहेर पडत नाही.

"पीडित व्यक्तीची संमती गैरलागू आहे."

"मी माझ्या मनानं आले," असं मुलगी सांगते तेव्हा तपास तिथेच थांबतो. ही ओळ त्यासाठीच आहे. ती खरं सांगत असते. फलाटावर आपल्या मनानंच ती त्या बाईबरोबर गेली होती. पुढे काय आहे हे मात्र तिच्या मनाला माहीत नव्हतं.

शिक्षेच्या ओळीवर फार बोलायला नको : मूल असेल तर किमान दहा वर्षं, एकापेक्षा जास्त मुलं असतील तर किमान चौदा, आणि गुंतलेला पोलीस किंवा लोकसेवक असेल तर उरलेलं सगळं आयुष्य. कायदा कडक आहे. खटला चालेपर्यंत साक्षीदार मूल कुठल्या जिल्ह्यात, कुणापाशी असतं, हा खरा प्रश्न.

बाल न्याय अधिनियम, कलम ४० : "मुलाला त्याच्या कुटुंबात परत बसवणं आणि त्याचं संरक्षण हे बालगृहाचं प्रमुख उद्दिष्ट राहील."

दोन गोष्टी 'आणि'नं जोडल्या आहेत, पण व्यवहारात पहिलीच होते. ज्या घरातून पोर पळालं त्याच घरात ते परत जातं. बाप सही करतो, हात जोडतो, पोर खाली मान घालून जीपमध्ये बसतं. फायलीवर 'पालकांच्या ताब्यात दिले' असा शेरा पडतो आणि पुढचा पाठपुरावा तिमाहीच्या हिशेबानं लागतो. पाड्याचं वर्ष मात्र तिमाहीनं चालत नाही. तिथे दसरा झाला की मुकादम येतो, उचल वाटली जाते, दिवाळीनंतर घरांना कुलपं लागतात. परत दिलेल्या पोराची पहिली भेट घ्यायची असेल, तर ती दसऱ्याच्या आठवड्यात घ्यायला हवी. अंगणवाडी सेविकेला, पोलीस पाटलाला सोबत घेऊन, पोर शाळेच्या पटावर आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून, आणि बापानं या वर्षी किती उचल घेतली हे विचारून.